साखळीवाल्यात काही बदल नाही

रणजित कोंढरे खोटं बोलत नाही, असं कात्रजमध्ये कुणीही सांगेल. आणि खरं सांगायचं तर त्या रविवारीसुद्धा तो खोटं बोलला नाही. सगळी गोम तिथेच आहे.

त्याच्या घरातलंच बघा. वडील दत्तोबा, गावठाणातले जुने शेतकरी. शेताच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या तेव्हापासून ते दिवसभर मारुतीच्या देवळापाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजतात. पोरगा इंजिनिअर झाला आणि नोकरी न करता घरात बसला, तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "काय करतूस रं खोलीत कोंडून घेऊन?" रणजित कानातला हेडफोन काढत म्हणाला, "गेट." आता तो जो गेम खेळत होता त्याचं पूर्ण नाव 'आयर्नगेट'. खेळणारे सगळे नुसतं 'गेट'च म्हणतात. पण इंजिनिअर लोकांची गेट नावाची एक परीक्षा असते, हे दत्तोबांनी कुठेतरी ऐकलेलं होतं. झालं! दुसऱ्या दिवसापासून देवळापाशी सुरू, "आमचा रणजित गेट करतोय. लई अवघड हाय म्हणं ते." रणजित खोटं बोलला का? मुळीच नाही. त्याने फक्त दुरुस्ती केली नाही. शिवाय पोरगा खरंच वही उघडून, रंगीत पेनांनी रेघा मारत, छापील कागदांत डोकं खुपसून बसलेला दिसायचा. बापाला शंका यायची तरी कशी?

तुम्ही म्हणाल, गेमला कसली आलीय वही? अहो, तेच तर रडगाणं आहे. सहा वर्षांपूर्वी रणजित आणि युसूफने हा गेम घेतला तेव्हा त्यात निवडायला बारा गडी होते. पाच जण या बाजूला, पाच जण त्या बाजूला, मधे किल्ल्याचे दरवाजे. आपले राखायचे, समोरच्यांचे पाडायचे. शेंबडं पोरही तासाभरात शिकलं असतं. मग गेमवाल्या कंपनीने दर दुसऱ्या गुरुवारी 'पॅच' काढायला सुरुवात केली. पॅच म्हणजे नियमांतले बदल. बाराचे चाळीस गडी झाले, चाळिसाचे एकशे चाळीस. मग गड्यांच्या अंगावर घालायला खडे आले, तावीज आले. अमुक खडा तमुक गड्याच्या अंगावर असेल तर ढमुक गड्याची ताकद निम्मी, असली कलमं आली. पहिला पॅच दीड पानाचा होता. त्या रविवारच्या आधीचा अठ्ठेचाळीस पानांचा. खेळायला बसलेल्या माणसाला वकील करून सोडायचं ठरवलं होतं कुणीतरी.

युसूफ त्याचा पहिलीपासूनचा दोस्त. शाळा एक, बाक एक. रणजित पुढे इंजिनिअरिंगला गेला आणि युसूफ दहावीनंतर वडिलांच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात बसला. पण हात काय होता त्या माणसाचा! सुईची अणी डोळ्यांनी न बघता बसवणारा हात. गेममधला 'साखळीवाला' युसूफनेच खेळावा. हा गडी साखळी फेकतो, समोरचा अडकतो, आणि जितका वेळ धरून ठेवाल तितका तो आतून झिजत जातो. नेम धरून साखळी फेकणं ही जिवावरची गोष्ट. युसूफची दहातली नऊ वेळा लागायची.

इंग्रजी मात्र त्याला जड जायचं. साधं नाही हो, साधं येत होतं. पण पॅचचं इंग्रजी म्हणजे बँकेच्या फॉर्मच्या मागचं बारीक अक्षर. त्यामुळे पहिल्यापासून रिवाजच पडून गेला. पॅच आला की रणजित वाचणार आणि युसूफ ऐकणार. आधी दुकानासमोरच्या टपरीवर एका चहात पॅच संपायचा. रणजित वाचून मराठीत सांगायचा आणि युसूफ दर दोन वाक्यांनी विचारायचा, "म्हणजे?" ते ऐकून रणजित वैतागायचा. "अरे म्हणजे काय म्हणजे?" मग युसूफ म्हणायचा, "मशीनच्या भाषेत सांग ना, रणज्या." मग रणजित सांगायचा की दोरा ताणला की कसा तुटतो, तसं या गड्याचं झालंय बघ. तेव्हा युसूफ मान डोलवायचा. पानं वाढली तसा चहा पुरेना. मग रणजित घरी बसून वाचायचा आणि शुक्रवारी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज भरून पाठवायचा. पाच मिनिटं, मग बारा, मग पंचवीस. युसूफ मशीन उघडून बसला की कानात रणजित.

यंदा त्यांच्या टीमचं नशीब उघडायची वेळ आली. खराडीतल्या एका कंपनीने ठरवलं की आपण गेटची टीम ठेवायची, पगारावर, नोकरीसारखी. कंपनीने सौमित्र नावाचा मॅनेजर नेमला. चष्मा, लॅपटॉप, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचा तक्ता. रणजित कॅप्टन, युसूफ, रविराज, अनंत आणि निशा, अशा पाचही जणांना समोर बसवून सौमित्र म्हणाला, "रविवारी शहराची फायनल आहे. जिंका, हरा, मला त्याचं एवढं नाही. पॅच कोण फॉलो करतंय ते मी बघणार. जो करत नाही, त्याला सोमवारी थँक यू म्हणणार." पुणेरी माणूस असा थँक यू म्हणाला की समजावं, दार उघडून धरलेलं आहे.

त्या दिवसापासून सरावाचा रंगच बदलला. पूर्वी माइकवर शिव्या असायच्या, हसणं असायचं. रविराज तर दरवाजा पडला की शाळेतली प्रार्थना म्हणायचा. आता माइकवर नुसते आकडे. अनंतने बाथरूमच्या दाराला आतून खड्यांचा तक्ता चिकटवला होता. निशाला स्वप्नातसुद्धा टक्के दिसायचे, असं ती सांगायची आणि त्यावर कुणी हसायचं नाही. युसूफ एकदा म्हणाला, "यार, आपण खेळायचं कधी सोडलं?"  रणजित वहीत रेघा मारत होता.

तर त्या गुरुवारी अठ्ठेचाळीस पानांचा पॅच आला. शुक्रवारी सकाळी रणजित वाचायला बसला आणि विसाव्या पानापर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. त्याने शॉर्टकट मारला. आपले पाच जण जे गडी खेळतात त्यांची पानं नीट वाचली. पुढची खड्यांची दहा पानं अंगठ्याने वर ढकलली. खड्यांत काय, नेहमीचेच टक्के वरखाली असणार! मग त्याने युसूफसाठी आवाज भरला. सव्वीस मिनिटांत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "आणि तुझ्या साखळीवाल्यात काही बदल नाही. तू निवांत राहा."

हे वाक्यही शब्दशः खरंच होतं. साखळीवाल्याच्या पानावर खरंच काही बदल नव्हता.

रविवारी दुपारी फायनल झाली, नगर रोडच्या एका मॉलमध्ये, तळमजल्यावर मांडव घालून. खरेदीला आलेली माणसं पिशव्या घेऊन उभी राहून बघत होती. पहिला डाव यांनी घेतला, दुसरा समोरच्या टीमने. तिसऱ्यात दोन्हीकडे एकेकच दरवाजा उरला. त्यांचा म्होरक्या एकटाच यांच्या दरवाजावर धावून आला आणि युसूफने साखळी फेकली. काय फेक होती ती! मांडवातल्या ज्यांना गेमचा ग सुद्धा कळत नव्हता, तेही ओरडले.

"धरलाय," युसूफ म्हणाला.

"सोडू नकोस!" रणजित ओरडला. "धरून ठेव, आम्ही आलो."

चार-पाच सेकंद गेले. मग युसूफ हळू आवाजात म्हणाला, "रणज्या, सोडू का?"

"सोडू नकोस म्हणतो ना! डोकं फिरलंय का?"

युसूफने सोडलं नाही. पाहता पाहता युसूफचाच साखळीवाला गुडघ्यावर आला, कोसळला, आणि तो म्होरक्या साखळी झटकून सरळ दरवाजात घुसला. खेळ खल्लास. पिशव्या घेतलेली माणसं पांगली.

रणजित उठून थेट बाथरूममध्ये गेला. आतून कडी लावली आणि फोनवर पॅच उघडला. एकतिसाव्या पानावर सापडलं. नवा काळा खडा. तो ज्याच्या अंगावर आहे त्याला साखळीने चार सेकंदांपेक्षा जास्त धरलं, तर सगळा मार उलटून धरणाऱ्यालाच बसणार. दोन ओळी. साखळीवाल्याच्या पानावर नाही, खड्यांच्या पानात, ढिगाऱ्यात पुरल्यासारख्या दोन ओळी.  आपण ढकलली ती हीच पानं, हे त्याला लख्ख कळलं.

आता इथून पुढे त्याने जे केलं ते मी सांगतो, पण मला विचारू नका की का केलं. त्याने व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. शुक्रवारचा तो सव्वीस मिनिटांचा आवाज शोधला. त्यावर बोट दाबून धरलं आणि 'सगळ्यांसाठी डिलीट' केला. मग तोंडावर पाणी मारून तो बाहेर आला.

स्टेजमागच्या खोलीत सौमित्र लॅपटॉप उघडून बसलेला होता. बाकीचे चौघे भिंतीला टेकून उभे होते. "काळा खडा," सौमित्र म्हणाला. "चार सेकंदांत सोडायचं. नोट्समध्ये स्पष्ट आहे. युसूफ, तू किती धरलंस? नऊ. वाचलं नव्हतंस का?"

निशा म्हणाली, "पण कॅप्टन सांगत होता धर म्हणून."

"कॅप्टनला पाच जणांचं बघायचं असतं," सौमित्र थंडपणे म्हणाला. "आपला गडी आपल्याला माहीत नको? युसूफ, मी विचारतोय. वाचलं होतंस?"

युसूफने रणजितकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं, टपरीवर "म्हणजे?" विचारताना बघायचा तसंच. त्या वेळी रणजितने एवढंच म्हणायला हवं होतं की माझ्याकडून राहिलं. दोन शब्द. पण समोर खराडीची नोकरी होती, आणि 'थँक यू' होतं. जीभ उचलली गेली ती भलतीकडेच.

"मी दर वेळी पाठवतो त्याला," रणजित म्हणाला. "या वेळीही पाठवलं होतं."

बघा, यातही खोटं काही नाही.

युसूफच्या हातात फोन होता. त्याने खाली पडद्याकडे पाहिलं, अंगठा जरा हलवला. मग फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "हो. पाठवलं होतं त्याने. माझंच चुकलं."

सोमवारी युसूफला थँक यू मिळालं.

त्याच्या जागी श्याम नावाचा गडी आला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून तीन वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केलेला. पाठांतराची सवय होतीच. राज्यघटनेची कलमं सोडून त्याने खड्यांची कलमं धरली, एवढाच काय तो फरक. साखळी त्याची दहातली पाच वेळा लागायची. पण कुठल्या सेकंदाला सोडायची ते तो घड्याळाकडे न बघता सांगायचा. सौमित्र त्याच्यावर जाम खूश होता.

दत्तोबांना कळलं ते एवढंच की पोराला खराडीत नोकरी लागली. "निघालं गेट!" म्हणत त्यांनी सगळ्या गावठाणात पेढे वाटले. एक पुडा घेऊन स्वतः युसूफच्या वडिलांच्या दुकानातही गेले. "तुमच्या पोरालाबी लावा की आमच्या रणजितच्या मागं," असं सांगून आले. हे त्यांनी घरी जेवताना सांगितलं तेव्हा रणजितने हातातला घास ताटात परत ठेवला. दत्तोबांनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

दोन आठवडे गेले आणि पुन्हा गुरुवार आला. नवा पॅच, बावन्न पानं. या वेळी रणजित एकही पान ढकलणार नव्हता. शुक्रवारी सकाळी सातपासून तो बसला. एकेक ओळ वाचली, रेघा मारल्या, दुपारी दोनला संपवलं. वही मिटली आणि पहिल्या पानावर काय होतं ते आठवून बघितलं. काही आठवेना. पुन्हा वाचलं. अक्षरं डोळ्यांतून आत जात होती आणि मागच्या मागे सांडत होती. शेवटी त्याने सवयीने फोन तोंडापुढे धरला, आवाज भरायला सुरुवात केली, "ऐक, या वेळी तीन गडी बदललेत," आणि थांबला. कुणाला सांगतोय आपण? पलीकडून "म्हणजे?" विचारणारं कुणी नव्हतं. सहा वर्षं त्याला वाटत होतं की आपण युसूफला शिकवतोय. पालथ्या घड्यावर पाणी ओततोय, असंही एक-दोनदा तो निशाजवळ बोललेला होता. आता उमगलं की घडा कुणाचा पालथा होता ते. त्या "म्हणजे?"ला उत्तर द्यायला म्हणून त्याला समजून घ्यावं लागायचं. तो प्रश्न गेला आणि समजणंही गेलं.

बुधवारच्या सरावात त्याने एकामागून एक तीन चुका केल्या. श्यामने तिन्ही वेळा माइकवर नम्रपणे पान नंबर सांगितला. सराव संपल्यावर सौमित्र म्हणाला, "रणजित, सोमवारी जरा बोलू या." आवाज अगदी गोड होता.

शनिवारी सकाळी रणजितने स्कूटर काढली आणि कात्रज चौकाजवळच्या त्या दुकानासमोर लावली. बगलेत छापील बावन्न पानं. मनाशी त्याने ठरवलं होतं की आधी माफी मागायची, आणि मग जमलं तर एकदाच त्याला पॅच ऐकवायचा. खरं काय आणि निमित्त काय, ते त्याचं त्याला ठाऊक.

काउंटरवर युसूफची बहीण मिसबा होती. बी.कॉम.ची शेवटच्या वर्षाची मुलगी. लहानपणापासून रणजितला भाऊ म्हणणारी. आज तिने "या रणजितभाई" म्हटलं नाही. आत युसूफ एका काळ्या मशीनचं पोट उघडून तेल देत बसला होता. रणजितला बघून तो म्हणाला, "बस." आणि पुन्हा तेल द्यायला लागला.

"युसूफ, त्या दिवशी..." रणजितने सुरुवात केली. "माझ्याकडून ती खड्यांची पानं राहिली होती. मी सांगायला हवं होतं. तुला कळलंच असेल नंतर."

"नंतर?" मिसबा एकदम बोलली. "नंतर नाही कळलं, रणजितभाई. शनिवारीच कळलं होतं. फायनलच्या आदल्या दिवशी. माझ्या फोनवर उघडून अख्खा पॅच वाचला मी. मीच दाखवलं त्याला, की भाई, हे बघ, चार सेकंदांनंतर तुझ्यावरच उलटतं. तर हा काय म्हणाला माहितीय? म्हणाला, तुझी काहीतरी गफलत होतेय. रणज्याने सांगितलंय, साखळीवाल्यात काही बदल नाही. सहा वर्षांत त्याचं एकदाही चुकलेलं नाही."

"मिसबा, गप्प बस," युसूफ म्हणाला.

"का गप्प बसू? तुम्ही ते डिलीट केलंत ना, रणजितभाई? आम्ही दोघांनी इथेच बसून ऐकलं होतं ते. कान तर डिलीट नाही ना होत."

रणजितला मांडवातला तो हळू आवाज आठवला. 'रणज्या, सोडू का?' त्याला तेव्हा वाटलं होतं की युसूफ घाबरला. घाबरला नव्हता. समोर स्वतःचा जीव कमी कमी होताना त्याला दिसत होता, बहिणीचं खरं होतं हे कळत होतं, आणि तरी त्याने आधी विचारलं. आणि नको म्हटल्यावर धरून ठेवलं. रणजितला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"मग तू त्या खोलीत बोलला का नाहीस?" त्याने कसंबसं विचारलं.

युसूफने तेलाची बुधली खाली ठेवली, हात फडक्याला पुसले. "तू बोलशील असं वाटलं," तो म्हणाला.

बाहेर एक बाई मशीनचं डोकं रिक्षातून उतरवून घेत होती. मिसबा तिच्या मदतीला गेली. युसूफने मशीनचं पोट बंद केलं, स्क्रू आवळले, चाक एकदा हाताने फिरवून बघितलं. मग त्याचं लक्ष रणजितच्या बगलेतल्या कागदांकडे गेलं.

"नवा आला वाटतं. किती पानं?"

"बावन्न." रणजितने कागद पुढे केले.  "एकदा ऐकतोस का? मला समजत नाहीये रे. तू नुसतं 'म्हणजे' म्हण. बाकी काही करू नकोस."

युसूफने ते कागद घेतले. तेलकट बोटांनी चाळले, मधे एका पानाशी तो थांबला, आणि कडा नीट जुळवून रणजितच्या हातात परत दिले.

"बस इथं आणि नीट वाच," तो म्हणाला. "एकतिसावं सोडू नकोस."